भात मऊ झाला, पण जेवायला कोण?

मागच्या खेपेला मी इंद्रायणी तांदळाच्या भाताबद्दल लिहिलं होतं. नवा तांदूळ असला तर पाणी बेतानं घालायचं, उकळी आली की आच मंद करायची आणि झाकण सारखं उघडून बघायचं नाही, एवढंच काय ते सांगितलं होतं. त्यावर तुमची बरीच पत्रं आली. एकीनं विचारलंय, कुकरला किती शिट्ट्या करायच्या? दुसरीनं मलाच सुनावलंय, की आमच्याकडे त्यात चमचाभर तूप घालतात, तुम्ही कशा विसरलात? विसरले खरी!

पण एक पत्र मात्र चार दिवस माझ्या पर्समध्येच आहे. पुण्याच्या एका उपनगरातून आलंय. खाली नाव नाही. ती लिहिते, "ताई, तुम्ही सांगितलात तसा भात केला. मऊ, छान झाला. मग ताट वाढलं आणि लक्षात आलं, की जेवायला घरात मी एकटीच आहे. रोजच असते. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल."

चालेल कसं, बाई? भाताचं उत्तर देते आणि तुझ्या ताटाचं देत नाही, असं कसं होईल? म्हणून आज पाककृती बाजूला ठेवते आणि एका सिनेमाबद्दल बोलते. कारण ते पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो 'अस्तित्व'.

महेश मांजरेकरांचा हा सिनेमा २००० साली आला. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तो एकदमच काढलेला होता आणि त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तब्बूनं त्यात अदिती पंडितचं काम केलंय आणि सचिन खेडेकरांनी तिच्या नवऱ्याचं, श्रीकांतचं. घर पुण्यातलं. खाऊन-पिऊन सुखी, नीटनेटकं, चारचौघांत नाव असलेलं.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीत मावशीकडे पुण्याला गेले होते आणि टीव्हीवर लागला होता. मी आणि मावसबहीण अगदी तावातावानं बोलत होतो, "शी! तिनं असं करायलाच नको होतं. नवरा चांगला आहे, मारत नाही, पीत नाही, मग आणखी काय हवं होतं?" मावशी शेजारी मटार सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तिला नोकरी करू दिली असती तर?" आम्ही दोघी हसलो. म्हटलं, मावशीचं आपलं काहीतरीच.

आता मी छत्तिशीत आहे. गेल्या महिन्यात मुलं झोपल्यावर पुन्हा तो सिनेमा पाहिला, आणि मावशीचं वाक्य कळायला मध्ये इतकी वर्षं जावी लागली, हे कळलं.

गोष्ट थोडक्यात सांगते. लग्न नवं आहे. श्रीकांत कामाच्या मागे, सारखा दौऱ्यावर. अदितीला घरात वेळ जात नाही, तिला नोकरी करावीशी वाटते. तो म्हणतो, कशाला? मी कमावतोय ना! त्याच्या लेखी प्रश्न संपला. मग ती गाणं शिकायला लागते. शिकवायला मल्हार कामत येतो. ते काम मोहनीश बहलनं केलंय. जो रिकामा वेळ नवऱ्याला कधी दिसलाच नाही, तो या माणसाला दिसतो. आणि जे व्हायला नको ते होतं. तिला दिवस जातात. श्रीकांत दौऱ्यावरून येतो तेव्हा ती त्याला सगळं सांगायला जाते. पण बातमी ऐकून तो आनंदानं इतका हुरळून जातो, की पुढचं ऐकतच नाही. तिच्या तोंडचं तोंडातच राहतं. मुलगा होतो, मोठा होतो, त्याचं लग्न ठरायची वेळ येते. आणि पंचविसाहून अधिक वर्षांनी तो मल्हार मरतो आणि आपली सगळी मालमत्ता अदितीच्या नावावर करून जातो. मृत्युपत्र येतं ते थेट श्रीकांतच्या हातात. तो आपल्या जुन्या डायऱ्या काढतो, तारखा ताडून बघतो, आणि त्याला हिशेब लागतो.

मैत्रिणींनो, या वेळी माझं लक्ष अदितीकडे कमी आणि त्या डायऱ्यांकडे जास्त होतं. कुठल्या तारखेला आपण कुठल्या गावी होतो, याची नोंद त्या माणसानं वर्षानुवर्षं जपून ठेवली. पण त्याच तारखांना घरात बायको काय करत होती, कोणाशी बोलत होती, जेवली की नाही, याची नोंद कुठेच नाही. तिच्या एकटेपणाचा पुरावा त्यानं स्वतःच्याच हातानं लिहून ठेवला होता आणि तो वाचला मात्र तिच्या विरुद्ध!

आता तुमच्यातली कुणी म्हणेल, "म्हणजे तुम्ही तिची बाजू घेता की काय?" नाही हो. एकटं वाटतं म्हणून वाट सोडावी, असं मी मुळीच म्हणत नाही. त्या एका चुकीनं किती जणांचं आयुष्य पोखरलं ते सिनेमातच दिसतं. तिला इतकी वर्षं मनात ओझं घेऊन स्वयंपाक करावा लागला, सण करावे लागले, मुलाच्या तोंडाकडे बघावं लागलं. त्या मुलाचा तर काही म्हणता काही दोष नाही. आणि तोच आईकडे पाठ फिरवतो. चूक ती चूकच. मी एवढंच म्हणते, की घराला वाळवी लागली तर नुसती पडलेली चौकट बघून चालत नाही. ओल कुठून आली तेही बघावं लागतं.

याच्या जोडीला आणखी दोन सिनेमे आठवतात, दोन्ही १९८२ सालचे आणि दोन्हींत आपली पुण्याची स्मिता पाटील. डॉ. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त ती सुलभा महाजन. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरचा हा सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची. चांगल्या घरातली सून, स्वतःचं काही काम करायचं म्हणून मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिथून दमूनभागून परत येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. आणि महेश भट्टच्या हिंदी 'अर्थ'मध्ये हीच स्मिता ती 'दुसरी बाई' झालीय, कविता. तिथं घर मोडलंय शबाना आझमीच्या पूजाचं. पण त्या कवितालाही सुख लागत नाही. ज्या माणसाला दुसरीच्या घरातून ओढून आणलं, तो आपल्याजवळ तरी राहील का, या धास्तीनंच तिचं मन बिघडत जातं. संबंध जोडणाराही सुटत नाही, तो असा.

'अर्थ'मध्ये शेवटी नवरा माफी मागत परत येतो, तेव्हा पूजा त्याला विचारते, की हेच मी केलं असतं तर तू मला परत घेतलं असतंस का? तो खरं बोलतो. म्हणतो, नाही. त्या एका 'नाही'मध्ये सगळं आलं. 'उंबरठा'तला नवरा आपला संबंध सांगतो तेव्हा बायकोनं समजून घ्यावं अशी त्याची अपेक्षा असते. आणि 'अस्तित्व'मध्ये बायकोची पंचवीस वर्षांपूर्वीची चूक कळते तेव्हा संसाराची पंचवीस वर्षं एका रात्रीत वजा होतात. तराजू एकच, पण वजनं निराळी.

हे केवळ सिनेमातच नव्हतं बरं का, कायद्यातही होतं. भारतीय दंड संहितेचं ४९७ कलम होतं. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला त्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. बाईला शिक्षा नव्हती, हे वरवर बरं वाटतं. पण नवऱ्यानं बाहेर संबंध ठेवले तर बायकोला त्या कलमाखाली तक्रारही करता येत नव्हती. जणू बायको म्हणजे नवऱ्याच्या मालकीची वस्तू! २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. आता तो गुन्हा राहिला नाही, पण घटस्फोटाचं कारण मात्र आजही आहे, आणि ते नवरा-बायको दोघांनाही सारखंच लागू आहे. आणखी एक गोष्ट चांगली. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. त्या काळात दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध झालं तरच ते खोडता येतं. मोठ्यांच्या भांडणात पोराला उघड्यावर पडू द्यायचं नाही, एवढी समज कायद्याला आहे. आपल्याला असावी, नाही का?

तुम्ही म्हणाल, ही सगळी शहरातली दुखणी. नवलाख उंबऱ्यात बसून तुम्हाला त्याचं काय?

मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई सांगायच्या, भातलावणीच्या दिवसांत बायकांना एकटं राहायला वेळच नसायचा. गाळात उभं राहून पाठ मोडायची, पण शेजारी बोलायला दहाजणी असायच्या. आता आमच्या अंगणातून एमआयडीसीचे दिवे दिसतात. कित्येकांच्या जमिनी गेल्या, पैसे आले, घरावर स्लॅब पडला. तळेगाव-वडगावला इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत नाशिकच्या, लातूरच्या, साताऱ्याच्या मुली लग्न करून आल्या. नवरा कंपनीत, पाळी आज पहिली तर पुढच्या आठवड्यात तिसरी. दार लावलं की आत एकटी. शनिवारी-रविवारी लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग गॅलरीतून बघायची, की झाला विरंगुळा! शहर आपल्याकडे चालत आलंय आणि येताना आपलं एकटेपणही घेऊन आलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली सांगितलं, की जगात दर सहा माणसांतल्या एकाला एकटेपणाचा त्रास आहे. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीनं हे आपल्याच एकटीचं खूळ आहे असं समजू नये.

आता एक गोष्ट सांगते. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत अर्धवेळ होते. माझ्याबरोबर एक बाई होत्या, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. नवऱ्याला कंपनीनं दीड-दोन वर्षांसाठी दुसऱ्या राज्यात पाठवलेलं. ही आणि लहान मुलगी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मोठी हसरी, डब्यात रोज काहीतरी निराळं आणणारी. पुढे पुढे डबा साधा होत गेला आणि हातातला मोबाईल सुटेनासा झाला. माझ्या लक्षात आलं होतं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी ऑफ तासाला ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, मला तुमच्याशी जरा बोलायचंय." माझ्यासमोर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा, घरी सासूबाईंना ताप, धाकट्याला आणायची वेळ झालेली. मी म्हटलं, "उद्या बोलू या हं निवांत." ती म्हणाली, "हो हो, काही घाई नाही."

तो उद्या आलाच नाही. मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी संपून शाळा भरली, तोवर सगळ्या गावाला माहीत झालं होतं. त्याच इमारतीतला एक गृहस्थ. नवरा आला, दोन्हीकडची माणसं जमली, जिन्यात आरडाओरडा झाला. मुलगी बापाकडे गेली. हिनं नोकरी सोडली. तो गृहस्थ मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, अजून तिथंच राहतो, बायको-मुलांसह, आणि गणपतीच्या वर्गणीला पुढे असतो.

शिक्षकखोलीत आम्ही सगळ्याजणी काय काय बोललो ते आठवलं की आज लाज वाटते. मीही बोलले. "कसली कमी होती हो तिला?" हे वाक्य माझंच होतं.

दोन वर्षांनी ती मला स्टेशनवर भेटली. पुण्याच्या लोकलला वेळ होता. मी मुलीची चौकशी केली. महिन्यातून दोन रविवार भेटते म्हणाली. मग न राहवून मी विचारलं, "त्या दिवशी तू मला हेच सांगणार होतीस का?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही मला थांबवलं असतं असं नाही, ताई. पण मी मोठ्यानं बोलले असते, तर माझं मलाच ऐकू आलं असतं."

मैत्रिणींनो, श्रीकांतनं अदितीचं ऐकलं नाही म्हणून मी त्याच्यावर किती चिडले होते! आणि मी काय केलं? त्याला आनंदाची घाई होती, मला पेपरांची.

म्हणून आज चार गोष्टी सांगते. उपदेश म्हणून नाही. चुकलेल्या बाईनं सांगितलेल्या म्हणून ऐका.

पहिली गोष्ट. 'अस्तित्व' बघून कुणा सासूला वाटेल, की सुनेला क्लासलाच पाठवू नये. उलट आहे! अदितीच्या दिवसात ते एक गाणं सोडून दुसरं काहीच नव्हतं, म्हणून सगळा भार त्यावर पडला. तिला नोकरी असती, चार मैत्रिणी असत्या, तर गाणं गाण्याच्या जागी राहिलं असतं. बाईला बाहेर जाऊ द्या. शिवण असो, भजनी मंडळ असो, बचत गट असो, लहान मुलांची शिकवणी असो. आणि पदरात पैसे पडणारं काम असेल तर फारच उत्तम.

दुसरी. मन कुणाकडे ओढ घेतंय हे आपलं आपल्याला सगळ्यांच्या आधी कळतं. एक साधी खूण सांगते. एखाद्या मेसेजला उत्तर दिल्यावर तो पुसून टाकावासा वाटला, तर समजावं, की आपण उंबऱ्यावर उभ्या आहोत. अजून आत आहोत, परत फिरता येतं. त्याच वेळी कुणाशी तरी बोलावं. बहीण, मैत्रीण, मोठी जाऊ, जी पोटात ठेवील तिच्याशी. आणि जमलं तर नवऱ्याशीच, पण त्या माणसाबद्दल बोलायच्याही आधी आपल्या रिकाम्या दुपारींबद्दल.

तिसरी. जिच्याशी कुणी असं बोलायला येईल तिनं पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवावा. लगेच "अगं बाई, काय हे!" म्हणू नये. ऐकून झाल्यावर काय म्हणायचं ते म्हणावं. आणि ते दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत, नाहीतर पाण्याच्या नळावर, नेऊ नये.

चौथी. जवळ खरोखरच कुणी नसेल, रात्र रात्र झोप नसेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल, तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे. १४४१६ हा नंबर फिरवायचा. मराठीतही बोलता येतं. घरात मारहाण किंवा छळ असेल तर महिलांसाठी १८१ आहे. हे दोन्ही नंबर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. लागू नयेत, पण असावेत.

आता आमचं सांगते आणि संपवते. ह्यांची तिसरी पाळी असली की हे सकाळी घरी पोचतात आणि मी त्याच वेळी शाळेला निघते. आमची भेट उंबऱ्यातच! कितीतरी महिने ती भेट म्हणजे "दूध तापवलंय, धाकट्याला खोकला आहे, लाईटचं बिल भरा" एवढीच होती. परवा सिनेमा पाहिल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मी पंधरा मिनिटं लवकर आवरते, तुम्ही आल्याबरोबर झोपू नका. ओट्यावर बसून चहा घेऊ." हे म्हणाले, "कशाला? काही झालंय का?" मी म्हटलं, "काही व्हायच्या आधीच बसू या."

पहिल्या दिवशी दोघांनाही काय बोलावं सुचेना. हे चहा संपवून समोरच्या आंब्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी बिलाचंच निघालं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी सांगितलं, की रात्री तीन वाजता मशीनवर उभं असताना ह्यांनाही फार एकटं वाटतं. लग्नाला बारा वर्षं झाली, आणि हे मला आज कळलं!

'अस्तित्व'च्या शेवटी अदिती आपलं म्हणणं एकदाचं सगळ्यांसमोर मांडते आणि घर सोडून निघते. तिच्या पाठीशी उभी राहते ती मुलाची होणारी बायको, रेवती. मला ते फार आवडलं. पण मनात आलं, ती जे शेवटी बोलली, ते ऐकायला पहिल्याच वर्षी कुणी बसलं असतं तर?

तर माझ्या नाव न लिहिणाऱ्या मैत्रिणी, तू पुन्हा पत्र लिही. पाककृतीचं निमित्त काढायचीही गरज नाही. आणि तुझ्याच मजल्यावर, दाराला दार लागून, आणखी एखादी एकटीच जेवत असेल. उद्या भात थोडा जास्त टाक आणि तिची कडी वाजव. ती "कशाला उगीच" म्हणेल. आपण सगळ्याच म्हणतो. तू वाटी घेऊन आत जा.

पुढच्या वेळी तांदळाचे पापड. पिठाची उकड कधी फसते आणि का, ते सविस्तर सांगेन.